अनिमेषची शिकवणी

भार्गवी कंधारकर नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. फळ्यावर पेशीचं चित्र काढताना तिचा हात कधी अडखळायचा नाही, आणि मागच्या बाकावरच्या पोराला काही कळलं नाही तर ती चिडायची नाही. एका बाजूनं सांगून झालं की दुसऱ्या बाजूनं सांगायची, तेही जमलं नाही तर घरून भेंडी नाहीतर लिंबू आणून कापून दाखवायची. "पोराला कळत नसलं तर आपण सांगणं बदलायचं," असं ती स्टाफरूममध्ये म्हणायची, आणि बाकीचे सर हसायचे.

नवरा श्रीनाथ एका सहकारी बँकेत अधिकारी होता. तरोडा नाक्याजवळ दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. श्रीनाथचे वडील बापूसाहेब लातूरला एकटेच राहायचे. शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारे. सणावाराला एसटीनं नांदेडला यायचे आणि नातवासाठी खिशातून काहीतरी काढायचे.

नातवाचं नाव अनिमेष. दीड वर्षाचा असताना तो "बाबा" म्हणायचा, "पापा" म्हणायचा, पाण्याला "भू" म्हणायचा. मग एकेक शब्द गेला. कुठला आधी गेला आणि कधी, हे भार्गवीला सांगता यायचं नाही, आणि आई असून आपल्याला ते सांगता येत नाही याचीच तिला लाज वाटायची. हाक मारली तर तो बघायचा नाही. नळ चालू केला की मात्र घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायचा आणि धारेखाली हात धरून तासन् तास बसायचा. नळ बंद केला की स्वतःचं मनगट चावायचा.

"मुलगे उशिराच बोलतात," शेजारच्या बाया म्हणायच्या. बापूसाहेबही म्हणाले, "श्रीनाथ कुठं लवकर बोलला होता?" भार्गवीनं वर्षभर सगळ्यांचं ऐकलं. मग एक दिवस ती आणि श्रीनाथ पोराला घेऊन हैदराबादला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ अनिमेषला जमिनीवर खेळू दिलं, स्वतःही त्याच्याशेजारी खाली बसल्या, आणि मग शांतपणे सांगितलं की हा ऑटिझम आहे. औषध नाही. रोज घरी वर्तन उपचार करावे लागतील, बसणं, बघणं, मागणं, सगळं बारीक तुकडे करून शिकवावं लागेल.

"किती वेळ?" भार्गवीनं विचारलं.

"जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं बरं," बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत श्रीनाथ खिडकीबाहेर बघून रडला. भार्गवी रडली नाही. 'जितकं जास्त' एवढे दोनच शब्द तिच्या डोक्यात फिरत राहिले.

नांदेडात तसं शिकवणारं कुणी सापडेना. डॉक्टरीणबाईंनी हैदराबादच्या सौदामिनी नावाच्या एका तज्ज्ञ बाईंचा नंबर दिला होता. सौदामिनी मॅडम मूळच्या देगलूरच्या. मराठी बोलता बोलता मधेच तेलुगूत शिरायच्या आणि स्वतःच हसायच्या. आठवड्यातून एकदा त्या व्हिडिओ कॉलवर बघणार, पुढचं काय शिकवायचं ते सांगणार. पण रोज पोरासमोर बसणारं माणूस घरात हवं, आणि ते तुम्हीच शोधायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

ते माणूस म्हणजे पुनम. अर्धापूरची, घरची केळीची बाग, विशेष मुलांच्या शिक्षणाची पदविका घेतलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. सकाळच्या एसटीनं यायची, डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पहिल्या दिवशी तिनं काहीच शिकवलं नाही. मोरीत अनिमेषशेजारी उकिडवी बसली, मग्यात पाणी भरलं आणि ओतलं, भरलं आणि ओतलं. ओढणी भिजली, सलवार भिजली. भार्गवी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. दुपारी तिला राहवलं नाही.

"आज काही घेतलं नाहीस का गं?"

"आज वळख केली मॅडम," पुनम ओढणी पिळत म्हणाली. "आधी मी त्याला आवडाया पायजे की. मग शिकंल तो. लई हुशार हाय."

लई हुशार हाय. आपल्या पोराला हुशार म्हणणारं कुणीतरी भेटलं, म्हणून त्या दिवशी भार्गवीनं बाथरूमचं दार लावून घेऊन रडून घेतलं.

दोन महिने गेले असतील. भार्गवी कॉलेजात होती. मधल्या सुट्टीत फोनवर पुनमनं पाठवलेला व्हिडिओ आला. त्यात बंद नळासमोर अनिमेष उभा होता, पुनमचा हात नळाच्या तोटीवर, ती गप्प, तो गप्प. मग त्याच्या ओठांची हालचाल झाली. "पा." पुनमनं नळ सोडला आणि ती इतक्या मोठ्यानं "शाब्बास रे माझ्या वाघा" म्हणून ओरडली की फोनचा आवाज फाटला. भार्गवीनं तो व्हिडिओ स्टाफरूममधल्या सगळ्यांना दाखवला. नंतर तासाला गेल्यावर तिला कुठला धडा चालू आहे तेच आठवेना.

पुढच्या दीड वर्षात पोर बदललं. मनगट चावणं गेलं. चड्डी ओली होणं थांबलं. तहान लागली की "पाणी" म्हणायला लागला, नको असलं की हात आडवा धरायला लागला. चित्रांची कार्डं ओळखायला लागला. केळं, बस, मासा, छत्री. त्या कार्डांमध्ये पुनमनं भार्गवीचा एक फोटोही घातला होता. तो दाखवला की अनिमेष म्हणायचा, "आई." भार्गवी समोर उभी असली तरी तिच्याकडे न बघता, फोटोकडे बघून म्हणायचा. भार्गवीला तेवढंही पुरायचं. कारण संध्याकाळी तिच्या स्कूटीचा आवाज आला की तो पुनमसमोरून उठून फाटकापाशी पळत यायचा आणि तोंडातून अक्षर न काढता तिच्या साडीत तोंड खुपसून उभा राहायचा. शिकवणी पुनमची आणि कूस भार्गवीची, अशी त्या घराची घडी बसली होती. ती घडी किती नाजूक आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भार्गवीचा सगळा पगार पुनम आणि सौदामिनी मॅडम यांच्याकडे जायचा. भाडं, किराणा, बाकीचं सगळं श्रीनाथच्या पगारात. नांदेडच्या बाहेर घेतलेला छोटा प्लॉट विकला, भार्गवीच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. त्याचं तिला काही वाटलं नाही. जे विकता येतं ते विकायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. जे विकत घेता येत नाही ते मात्र तिच्या हातातून गेलं. पुनमचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याला कंपनीत होता.

"ताई," ती म्हणाली. एव्हाना मॅडमची ताई झाली होती. "मी घरी बोलले, अजून एक साल थांबा म्हणून. बाबा ऐकून न्हाई राहिले."

"तू आनंदात राहा," भार्गवी म्हणाली, आणि तिच्या ओटीत खण-नारळ घातला. मनातून मात्र तिला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटत होते.

पुनम गेल्यावर कितीतरी दिवस अनिमेष सकाळी फाटकाच्या गजाला तोंड लावून उभा राहायचा. ऊन डोक्यावर आलं तरी हलायचा नाही. मग एक दिवस त्यानं पुन्हा मनगट चावलं. पुनमच्या जागी एक मुलगी आली, तिच्या दंडाला त्यानं कडकडून चावा घेतला, ती दुसऱ्या आठवड्यात आलीच नाही. दुसरी आली ती पोराला मोबाइल दाखवून बसवायची आणि स्वतःही मोबाइल बघायची. तिला भार्गवीनंच जायला सांगितलं. अशात श्रीनाथची बदली लातूरला झाली. दोन गावांत दोन घरं चालवणं शक्य नव्हतं. बापूसाहेबांनी फोन केला, "माझं घर रिकामं पडलंय. या सगळे."

भार्गवीनं राजीनामा दिला. प्राचार्यांनी दोनदा विचार करायला सांगितलं, ती म्हणाली, "सर, शिकवणार तर मी आहेच. एकाच पोराला शिकवीन."

सौदामिनी मॅडमना तिनं सांगितलं की दोन-तीन महिने थांबू, लातूरला बस्तान बसलं की परत सुरू करू. मॅडम म्हणाल्या, "बिनफीचंसुद्धा अधूनमधून बोलू शकतो आपण." पण फुकटात कुणाचा वेळ घ्यायचा भार्गवीचा स्वभाव नव्हता. तिनं फोन केला नाही. मग महिने वाढत गेले तसा फोन करायचा संकोचही वाढत गेला.

लातूरचं घर औसा रोडच्या आत एका गल्लीत होतं. तीन खोल्या, मागं छोटं अंगण, अंगणात सिमेंटची टाकी. नळाला पाणी कधीमधीच यायचं, म्हणून घरात प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं असायचं आणि पाणी सांडणं हा गुन्हा होता. अनिमेषला ते कसं कळावं? तो कोरड्या नळाखाली हात धरून बसायचा आणि "पाणी, पाणी" म्हणत राहायचा. त्याला शिकवलेलं तेच होतं, शब्द म्हटला की धार येते. आता शब्द म्हणूनही धार येत नव्हती.

भार्गवीनं पुढच्या खोलीत एक छोटं टेबल, दोन खुर्च्या मांडल्या. डब्यात बक्षिसाचे मुरमुरे ठेवले. सकाळी आंघोळ झाली की पहिली बैठक, मग दुसरी, जेवण, तिसरी, संध्याकाळी पुन्हा. पुनम दिवसभर घरात असली तरी अर्धाच वेळ शिकवायची. भार्गवी दिवसभर शिकवू लागली. जितकं जास्त. पोर सहा वर्षांचं होत आलं होतं आणि हे वय गेलं की गेलं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. किती झालं म्हणजे पुरे, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

आणि पोर शिकत होतं, हे खोटं नाही. कार्डं वाढली. रंग आले, कपडे आले, भाज्या आल्या. श्रीनाथ बँकेतून आला की ती त्याला दाखवायची. "हे काय?" "वांगं." "हे काय?" "शर्ट." श्रीनाथ टाळ्या वाजवायचा. शेवटी ती स्वतःचा फोटो धरायची. "हे कोण?" "आई."

पण एक गोष्ट तिला दिसत होती आणि ती कुणाला सांगत नव्हती. तिच्या बांगड्यांचा आवाज आला की अनिमेष पलंगाखाली जायचा. पूर्वी जो पोरगा तिच्या साडीत तोंड खुपसायचा, तो आता ती खोलीत आली की पाठ फिरवायचा, अंग आखडून घ्यायचा. ती जवळ घ्यायला गेली तर त्याचे हात आपोआप मांडीवर यायचे, बैठकीत बसतात तसे. तिनं काय करावं? तिनं बांगड्या काढून ठेवल्या, म्हणजे ती येते आहे हे त्याला आधी कळणार नाही.

दोन-चार दिवसांनी ताट वाढताना बापूसाहेबांचं लक्ष गेलं. "सूनबाई, हात का गं मोकळे?"

"कामात आड येतात बापू."

म्हाताऱ्यानं ताट पुढं ओढलं. बापूसाहेबांना ती शिकवणी कधी कळली नाही, त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. दुपारी ती पाच मिनिटं पाठ टेकायला गेली की ते अनिमेषला मागच्या अंगणात न्यायचे. स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातलं अर्धी बादली पाणी ते रोज मागं ठेवायचे. दोन तांबे घ्यायचे. एका तांब्यातून दुसऱ्यात ओतायचे आणि अनिमेषच्या हातात द्यायचे. बोलायचे नाहीत, विचारायचे नाहीत, त्याच्या तोंडाकडे बघायचेसुद्धा नाहीत. सांडलेल्या पाण्यात पोर हसायचं. तो खळखळणारा आवाज आतल्या खोलीत भार्गवीला ऐकू यायचा. सासऱ्याचा तिला राग यायचा. इतका की एकदा ती बाहेर जाऊन म्हणालीच, "बापू, तुम्ही त्याला न मागता देता. मग माझ्याजवळ तो शब्द कशाला काढेल?"

"लेकरू दमलंय, सूनबाई."

"दमणारच. ते वेळेत शिकलं नाही तर पुढं त्याला कोण बघणार? मी मेल्यावर तुम्ही असाल का?"

बोलून गेल्यावर तिची तिलाच शरम वाटली. बापूसाहेबांनी तांबे उपडे करून ठेवले आणि उपरण्यानं पोराचे हात पुसले.

एप्रिलातली गोष्ट. लातूरचं ऊन भाजून काढत होतं. अनिमेषला दोन दिवस ताप होता. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, विषाणूचा ताप आहे, उतरेल म्हणाले होते. श्रीनाथ बँकेत गेला होता, बापूसाहेब औषधाच्या दुकानात. अनिमेष पुढच्या खोलीत फरशीवर उघडाच पडला होता, गाल लाल, श्वास भरभर. दोन दिवस भार्गवीनं बैठक घेतली नव्हती. वाडग्यात पाणी आणि फडकं घेऊन ती आली आणि त्याच्यासमोर खाली बसली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन, जशी ती रोज बसायची.

अनिमेषनं डोळे उघडले. हाताचा रेटा देऊन तो उठायला लागला.

"पडून राहा रे राजा, पडून राहा," ती म्हणाली.

तो उठून बसलाच. एका बाजूला कलत होता, तरी बसला. दोन्ही हात मांडीवर घेतले. आणि तिच्या हातात एकही कार्ड नसताना, तिनं काहीही विचारलं नसताना, तापानं सुकलेल्या ओठांनी म्हणायला लागला.

"केळं. बस. मासा. छत्री."

"अनिमेष, आज नाही बाळा. आज काही नाही."

"वांगं. शर्ट. लाल. पिवळा." आवाज कापत होता. प्रत्येक शब्दानंतर तो दाराकडे बघत होता. सगळं म्हणून झालं की सुटका होते, एवढंच त्याला कळत होतं आणि तो लवकर लवकर म्हणून टाकत होता. "कांदा. चमचा." मग थोडा थांबला, आठवल्यासारखं केलं आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "आई."

भार्गवीनं ओलं फडकं पुढं केलं तर त्याला वाटलं की काहीतरी चुकलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "केळं. बस. मासा."

ती उठली आणि मागं मागं सरकत भिंतीपर्यंत गेली. ती लांब गेल्यावरच तो आडवा झाला. बापूसाहेब औषध घेऊन आले तेव्हा पोर भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं आणि सून दुसऱ्या कोपऱ्यात हातात फडकं धरून बसली होती. फडक्याचं पाणी तिच्या साडीवर गळत होतं.

"काय झालं गं?"

"तुम्ही ठेवा पट्टी, बापू," ती म्हणाली. "माझ्या हातून नको त्याला."

ताप उतरला त्या दिवशी तिनं हैदराबादला फोन लावला. दीड वर्षानं लावला. सगळं सांगितलं, बांगड्यांचंही. सौदामिनी मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही.

"रोज किती वेळ घेत होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

भार्गवीनं सांगितलं.

"भार्गवी, हे काम दोन माणसांचं असतं," त्या म्हणाल्या. "एक शिकवणारी, आणि शिकून दमलं की जिच्याकडे पळत जायचं ती एक. पुनम होती तोवर तुमच्याकडे दोघी होत्या. आता पळून जायचं ते तुमच्यापासूनच, आणि यायचंही तुमच्याचकडे. त्यानं करावं काय?"

"मग मी काय करू?"

"थांबवा. त्याच्याकडे काही मागू नका. आई व्हा नुसती."

"आणि शिकलेलं?"

"काही जाईल," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "सगळं नाही जाणार. पण काही जाईल."

श्रीनाथला हे पटलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "इतकं केलं आपण," तो म्हणाला, "प्लॉट गेला, तुझी नोकरी गेली, आणि आता म्हणतेस सोडून द्यायचं? काय करायलीस तू? परवा माझ्यासमोर त्यानं रंग सांगितले. ते सगळं पाण्यात घालायचं?"

"त्यानं ताप असताना रंग सांगितले, अहो. माझ्यापासून सुटायला सांगितले."

श्रीनाथ तिच्याकडे बघत राहिला. मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला.

टेबल-खुर्च्या माळ्यावर गेल्या. भार्गवीनं गल्लीतल्या अकरावी-बारावीच्या पोरांच्या शिकवण्या सुरू केल्या. लातुरात त्याला तोटा नाही. त्या पैशात आठवड्यातून दोनदा गावातल्या विशेष मुलांच्या एका केंद्रात अनिमेषला पाठवता येऊ लागलं. रोजचं घरचं शिकवणं परवडणारं नव्हतं, आणि पुनमसारखं माणूस मिळालंही नाही.

शब्द गेले. पुन्हा तसेच गेले, एकेक करून. पण या वेळी कुठला कधी गेला हे भार्गवीला नेमकं माहीत होतं, कारण या वेळी ती बघत बसली होती. आधी भाज्या गेल्या. मग रंग. पावसाळा संपता संपता एक दिवस केंद्रातल्या बाईंनी घरच्यांचे फोटो दाखवले तर आजोबांच्या फोटोला त्यानं बोट लावलं, भार्गवीच्या फोटोवरून त्याची नजर नुसतीच पुढं सरकली. बाईंनी ते सहज सांगितलं. भार्गवीनं मान हलवली आणि त्याला स्कूटीवर बसवून घरी आणलं. "पाणी" तेवढं राहिलं.

ती रोज दुपारी मागच्या अंगणात, पोरापासून लांब, पायरीवर बसायला लागली. बापूसाहेब आणि नातू तांब्यानं पाणी ओतायचे, ती भाजी निवडायची. पहिले कितीतरी दिवस ती आली की अनिमेष बापूसाहेबांच्या पलीकडे जाऊन बसायचा. मग जाईनासा झाला. मग एकदा ती बसली होती तिथं पायरीवर येऊन तो तिच्या दंडाला पाठ टेकून बसला. पाठीचं ते हाड, ती ऊब. दोन वर्षांत पहिल्यांदा. काही कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "काय पाहिजे, सांग?"

तो उठला आणि निघून गेला.

बापूसाहेबांनी ऐकलं होतं, पाहिलं होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते बादलीत बघत राहिले. भार्गवीनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिला वाटलं, हे बोलणं आता माझ्या हाडात मुरलंय, हे कोण काढणार? त्या रात्री ती जेवली नाही. पुढचे कितीतरी महिने तो पुन्हा तसा आला नाही.

पुनम मधे एकदा भेटायला आली, कडेवर मुलगी घेऊन. अनिमेष आता उंच झाला होता. त्यानं तिला ओळखलं की नाही कळलं नाही. तिच्या ओढणीचं टोक त्यानं नाकाशी धरलं, वास घेतला आणि सोडून दिलं. पुनम चहा न पिताच रडत बसली. "म्या जायाला नको होतं, ताई," म्हणाली. भार्गवी म्हणाली, "वेडी आहेस का? तुझा संसार आहे." आणि तिच्या मुलीला मांडीवर घेतलं. ती मुलगी वर्षाचीही नव्हती. भार्गवीच्या तोंडाकडे टकामका बघत होती आणि तिचं नाक धरत होती. भार्गवीनं तिला थोडा वेळ घेतलं आणि मग लवकरच परत दिलं.

आज अनिमेष नऊ वर्षांचा आहे. बापूसाहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, त्यांना अंगणात खाली बसवत नाही. बादली भार्गवी ठेवते. ती ओतते, तो ओततो. कधी कधी पाणी संपलं की तो तिचं मनगट धरून तिचा हात बादलीकडे नेतो. ही माया की नुसती गरज, ते तिला कळत नाही. ती हात सैल सोडते.

परवाच्या रविवारी श्रीनाथ घरी होता. अंगणात आला तर अनिमेषचे ओले पाय भार्गवीच्या मांडीवर होते आणि तो टाकीच्या सावलीत उताणा पडून आभाळाकडे बघत होता. श्रीनाथचा चेहरा उजळला. हलकेच खाली वाकून त्यानं भार्गवीकडे बोट दाखवलं. "अन्या, हे कोण? म्हण बरं एकदा..."

भार्गवीनं हात वर केला. "नको," ती म्हणाली. "मागू नका."

श्रीनाथ तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला, मग तोही पायरीवर बसला. थोड्या वेळानं पुढच्या दारात पोरांच्या सायकली वाजल्या, शिकवणीची वेळ झाली होती. भार्गवीनं अनिमेषचे पाय अलगद खाली ठेवले, साडी पिळली आणि पुढच्या खोलीत गेली. पोरांनी वह्या उघडल्या होत्या. तिनं खडू घेतला आणि मज्जापेशीचं चित्र काढायला सुरुवात केली. अर्ध्यात, बोट ठेवून 'हे काय?' असं पोरांना विचारायच्या जागी, तिचा हात थांबला. पोरं वाट बघत बसली.